बारगिराच्या वह्या

मंगळवारी सकाळी आबा वारले. दुपारी आम्ही नदीवरून परत आलो. चित्रकलेचे मास्तर सोप्यात बसले होते. ते म्हणाले, "सर, वह्यांमधलं बोलनं माजं न्हाई. ते आबांचं हाय."

आबा म्हणजे माझे वडील. वह्यांमधलं ते बोलणं मी त्याआधीच पुसून टाकलं होतं.

मास्तरांचं नाव मी इथे लिहीत नाही. त्यांना ते आवडलं नसतं. शाळेच्या मस्टरवर सही करतानाही ते इतकी बारीक करायचे की मुख्याध्यापक मस्टर डोळ्यांजवळ धरून विचारायचे, "मास्तर, ही सही आहे की मुंगी?"

"साहेब, जागा दुसऱ्याची हाय. किती पसरायचं?"

जागा खरोखरच दुसऱ्याची होती. आमच्या हायस्कूलचे कायमचे चित्रकला शिक्षक पायाच्या ऑपरेशनसाठी मिरजेला गेले आणि त्यांच्या रजेच्या जागेवर हे आले. दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. जून महिना. एसटीच्या टपावरून त्यांनी एक वळकटी आणि एक पत्र्याची पेटी उतरवून घेतली. टी-स्क्वेअर काखेत होता. आमचं गाव कडेगावच्या बाजूचं, लहान. तिथे भाड्यानं खोली देण्याची रीतच नव्हती. आमच्या घरची माडी रिकामी आहे, असं मी म्हणालो. हे मी म्हणालो, दुसरं कुणी नाही. पुढे ही गोष्ट मला स्वतःला बरेचदा सांगावी लागली.

ते मूळचे मेढ्याकडचे. चित्रकलेची परीक्षा पास होऊन बारा वर्षं झाली होती आणि बारा वर्षं ते असेच फिरत होते. कुणी बी.एड.ला गेलेलं, कुणी बाळंतपणाच्या रजेवर, कुणी अंथरुणाला खिळलेलं. सातारा नाहीतर सांगली जिल्ह्यातल्या एखाद्या शाळेतून कार्ड यायचं आणि मास्तर वळकटी बांधायचे. चार महिने इथे, आठ महिने तिथे.

"मी बारगीर हाय, सर," पहिल्याच दिवशी शिक्षकखोलीत ते मला म्हणाले. "शिलेदाराचं घोडं सोताचं असतं. बारगिराचं दुसऱ्याचं. धनी परत आला की उतरायचं आनी चालाय लागायचं."

मी मराठी शिकवत होतो. बारगीर आणि शिलेदार यांतला फरक दर वर्षी नववीच्या वर्गाला सांगत होतो, परीक्षेत विचारत होतो. पण त्या शब्दावर मांड टाकून कुणाला निघून जाता येत असेल, हे मला कधी सुचलं नव्हतं. माझं दुखणं तिथेच सुरू झालं असावं.

खुर्चीवर ते पुढच्या अर्ध्या भागात टेकायचे. मागचा अर्धा रजेवर गेलेल्यांचा. शिवाय ज्यांच्या जागेवर जातील त्यांची एखादी सवय ते उचलायचे आणि त्या शाळेत असेपर्यंत नेमानं पाळायचे. विट्याला ज्यांच्या जागी होते ते तपकीर ओढायचे, म्हणून मास्तर वर्षभर तपकीर ओढत होते. विटा सुटलं, तपकीर सुटली. आमच्या रजेवरच्या शिक्षकांचा चहा बिनसाखरेचा असे. मास्तरांनी शिपायाकडून ते काढून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून तोंड वाकडं करून बिनसाखरेचा चहा प्यायला लागले.

"मास्तर, तुम्हाला मधुमेह आहे का?" मी विचारलं.

"मला न्हाई. खुर्चीला हाय."

सगळे हसले. मीही हसलो. आणि घरी जाताना, असं वाक्य आपल्याला का सुचत नाही, याचा विचार करत गेलो.

मस्टर सोडलं तर ते शाईला हात लावत नसत. सगळं पेन्सिलीनं, तेही हलक्या हातानं, कागदावर फुंकर घातल्यासारखं. "शाई कायम झालेल्या मानसानं वापरावी," म्हणायचे. "आमचं पुसता आलं पायजे."

वह्या त्यांच्याकडे आधी नव्हत्या. त्या आमच्या घरी सुरू झाल्या. हे मला तेव्हा ध्यानात घ्यावंसं वाटलं नाही.

दोनशे पानी वह्या, शाळेच्या दुकानातल्या. उजव्या बाजूच्या प्रत्येक पानाच्या खालच्या कोपऱ्यात बोटाच्या पेराएवढं चित्र. डाव्या पानावर एक-दोन ओळींचं बोलणं. आधी डावी पानं वाचत जायचं. मग वही मिटून कोपरा अंगठ्याखाली वाकवायचा आणि सोडायचा. पानं फर्रकन सुटायची आणि कोपऱ्यातला माणूस चालायला लागायचा. सिनेमासाठी आम्हाला एसटी धरून जावं लागे, नाहीतर जत्रेतल्या तंबूची वाट बघावी लागे. इथे तो अंगठ्याखाली होता.

तो माणूस बारगीर. भाडोत्री लढवय्या. खांद्यावर खोगीर, खाली घोडं नाही. कुठल्या गावाला लढायला माणूस हवा असला की तिथे जायचं, त्यांनी दिलेल्या घोड्यावर खोगीर टाकायचं, लढाई झाली की खोगीर उचलून पुढे निघायचं. त्याच्या अंगात एक विद्या होती. ज्या घरची भाकरी पोटात जाईल त्या घरच्या माणसाचा गुण त्याच्या अंगात यायचा आणि दुसऱ्या घरची भाकरी मिळेपर्यंत टिकायचा. कुठला गुण येणार हे त्याच्या हातात नव्हतं. एका वहीत एक मुक्काम. एका वहीचा दुसरीशी संबंध नाही.

एका वहीत तो डोंगरातल्या गावी जातो. तिथल्या दरोडेखोरांच्या नाईकाची आरोळी अशी की ऐकणारा जागच्या जागी बेशुद्ध पडावा. बारगिराला जेवू घालते ती ठार बहिरी म्हातारी. तो बहिरा होतो. नाईक आरोळीवर आरोळी ठोकतो आणि बारगीर कानामागे हात धरून, काय म्हणतोस म्हणून विचारत, आणखी जवळ आणखी जवळ जातो. शेवटी नाईकाचा घसा बसतो आणि तोच म्हातारीकडे काढा मागायला येतो.

दुसऱ्या वहीत विट्याचा एक गलाईवाला, म्हणजे सोनं गाळून शुद्ध करणारा, त्याला जेवायला बसवतो. सकाळी बारगिराला माणसांतलं हीण दिसायला लागतं. ज्या पाटलानं त्याला लढायला बोलावलेलं असतं तो समोर येतो, तर त्याच्यात पाटील गुंजभर आणि बाकी सगळं तांबं. बारगीर बोलत नाही. खोगीर उचलतो. शेवटची पंचवीस पानं तो नुसता चालतो आणि त्याच्यामागे पाटील लहान होत होत ठिपका होतो.

मी ही वही पहिल्यांदा बघितली आणि मनात म्हणालो, पोरकट आहे. मग पुन्हा अंगठा सोडला. मग पुन्हा. तोवर मी सात-आठ कथा लिहिल्या होत्या. एक मासिकात आली होती, तिचं कौतुक करणारी दोन पत्रंही आली होती. माझ्या कथांतला एकही माणूस पानावरून उठून चालला नव्हता.

आमच्याकडे जेवायला बसले की मास्तर ताटाकडे बघून आईला विचारायचे, "मावशी, आज भाकरी कोनी थापली?"

"मीच. दुसरं कोन हाय हितं?"

"मंग माजं आज खरं न्हाई."

"व्हय, आता तुमी बी माज्यावानी दिसभर कटकट करत बसनार. जेवा गप."

यावर आबा हसायचे. हसताना त्यांच्या हातातला घास ताटात पडायचा.

आबांना असं हसताना मी बघितलं नव्हतं. ते फौजेतून हवालदार होऊन आलेले. मोठ्या लढाईच्या वेळी इटलीत होते. त्या लढाईबद्दल मला दोन गोष्टी ठाऊक होत्या. एक, ते तिथे होते. दोन, तिथे थंडी फार होती. बाकी ते कुणाशी बोलले असतील तर बैलांशी. माझ्याशी बोलायचे ते जेवलास का, दिवा भरलाय का, उद्या शाळा हाय का, एवढंच. मी सोप्यात पुस्तक घेऊन बसलेला असलो आणि कुणी भेटायला आलं, तर आबा त्याला दारातच थांबवायचे. "आमचं सर वाचत्यात," असं हलक्या आवाजात सांगून त्याला गोठ्याकडे घेऊन जायचे. तो मान होता, मला कळत होतं. घरातल्या घरात त्या मानाच्या एका बाजूला मी राहत होतो आणि दुसऱ्या बाजूला ते.

मास्तर चौथ्या दिवशी त्यांना आबा म्हणायला लागले.

संध्याकाळी मी परत यायचो तेव्हा गोठ्याकडून आवाज यायचा. आधी एकसुरी, खालच्या पट्टीतल्या बोलण्याचा. मग हसण्याचा. आबांचं हसणं खोकल्यासारखं होतं. आत जायचं आणि परत बाहेर यायचं. मी अंगणात पाय टाकला की दोघं गप्प. मास्तर पेन्सिल कानावर ठेवायचे. आबा म्हणायचे, "आलास? जा, हातपाय धू." मास्तर गोष्टी सांगतात आणि आबा हसतात, असं मी धरून चाललो होतो. दुसरं काही मनात यायला जागाच नव्हती. आबा बोलत नाहीत, हे मला तीस वर्षं माहीत होतं.

एका रविवारी मी एक कादंबरी घेऊन आबांच्या शेजारी बसलो आणि म्हणालो, वाचून दाखवतो. चांगली कादंबरी होती. आबांनी टोपी सारखी केली आणि साहेबापुढे बसावं तसे ताठ बसले. वीस पानं झाल्यावर मी मान वर केली. त्यांचे डोळे मिटले होते. पाठ तशीच ताठ होती.

"आबा?"

"ऐकतोय की. लय चांगलं लिवलंय." मग थोडं थांबून ते म्हणाले, "मास्तर कुटं गेल्यात रं?"

थंडी सुरू झाली तेव्हा आबांनी ट्रंकेतून फौजेतला कोट काढला आणि मास्तरांना दिला. जाड, खाकी, पितळी बटणांचा. कराडला कॉलेजात असताना मी तो एकदा मागितला होता. तेव्हा आबा म्हणाले होते, तुला शोभायचा न्हाई. मास्तरांना तर तो अंगापेक्षा मोठा होता. बाह्यांतून नुसती बोटं दिसायची. तसे ते शाळेत आले तेव्हा मुलांनी त्यांना सॅल्यूट ठोकला आणि मास्तरांनी तो अर्धाच परत केला. "निम्मा मूळ धन्याचा," म्हणाले.

रजेवर गेलेल्यांच्या जागी काम करणं हा त्यांचा पेशा. माझ्या घरात ते माझ्या जागेवर आले होते. आणि मी तर रजा टाकलीच नव्हती.

शाळेचा वार्षिक अंक मी काढत असे. सहा वर्षं त्यात पहिली कथा माझी असायची. त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर मुख्याध्यापकांच्या हातात गलाईवाल्याची वही पडली. त्यांनी एका मोकळ्या तासाला मला बोलावलं. टेबलावर वही होती आणि ते बोलता बोलता पाटलाला ठिपका करत होते, पुन्हा मोठा करत होते.

"यंदा अंकात हे घ्या, सर. चित्रांचे ब्लॉक सांगलीहून करून आणू. तुमची कथा पुढच्या वर्षी. चालेल ना?"

"चालेल."

"भाषा तेवढी बघा. मुलांच्या हातात जायचं आहे."

संध्याकाळी मी मास्तरांकडे वह्या मागितल्या. तोवर नऊ झाल्या होत्या. त्यांनी त्या पेटीतून काढल्या, पण लगेच दिल्या नाहीत.

"सर, बोलनं हाय तसंच ऱ्हाऊ दिलं तर?"

"छापायचं म्हणजे शुद्ध हवं, मास्तर. 'हाय' आणि 'न्हाई' कसं छापणार?"

ते गोठ्याकडे बघत होते. मग म्हणाले, "व्हय, ते बी खरं. त्यातलं तुमाला कळतंय." आणि दोन्ही हातांनी वह्या पुढे केल्या.

मुलांच्या वह्या तपासताना मी तांबड्या शाईनं खोडतो. खोडलेलं असलं तरी खालचं वाचता येतं. मुलाला आपलं काय चुकलं ते दिसावं म्हणून तर खोडायचं. पण हे पेन्सिलीचं होतं आणि छापखान्याला स्वच्छ प्रत द्यायची होती. म्हणून मी खोडलं नाही. रबर घेतलं आणि पुसलं.

चार रविवार शाळेच्या वाचनालयात बसून मी ते काम केलं. एक ओळ पुसायची, चुरा फुंकायचा, त्या जागी काळ्या शाईनं शुद्ध वाक्य लिहायचं. माझं अक्षर चांगलं आहे. पहिल्या वहीला तीन तास लागले. चौथ्या वहीपासून मला बरं वाटायला लागलं, ते लपवण्यात अर्थ नाही. मी नुसतं शुद्धलेखन केलं नाही. तुटकं होतं ते जोडलं. तोच शब्द तीनदा आला होता तिथे एकदा ठेवला. शिव्या काढल्या. चित्रांना मात्र हात लावला नाही. चित्रातलं मला काही कळत नव्हतं.

त्यांतली एक वही भित्र्याची होती. बारगीर एका भित्र्या माणसाच्या घरी जेवतो आणि लढाईच्या दिवशी कडब्याच्या गंजीत शिरतो. आत शत्रूकडचा एक शिपाई आधीच लपलेला. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही. बाहेर तोफा. दिवसभर दोघं गुडघ्याला गुडघा लावून बसतात. संध्याकाळी तो शिपाई खिशातून पाव काढतो, मोडतो आणि अर्धा बारगिराला देतो. बारगीर पाच-सहा पानं तो नुसता हातात धरून बसतो. खाल्ला तर शत्रूचा गुण अंगात येणार. मग खातो. आणि काहीच बदलत नाही. शिपाईही त्याच्याइतकाच भ्यालेला असतो.

त्या पानावरची ओळ पुसून मी लिहिलं, "आम्ही दोघेही घाबरलेलो होतो, म्हणूनच आमचे प्राण वाचले." आणि बारगिराच्या काळात पाव कुठला, म्हणून पुढच्या-मागच्या पानांवर पाव होता तिथे भाकरी केली. इतकी साधी चूक मास्तरांच्या लक्षात कशी आली नाही, याचं मला आश्चर्य वाटलं. थोडा आनंदही झाला.

छापखान्याला देण्याआधी बघून घ्या म्हणून वह्या परत दिल्या तेव्हा मास्तर माडीवर होते. त्यांनी पहिली उघडली, चार पानं उलटली. दुसरी उघडली.

"लय सुबक अक्षर हाय सर तुमचं," म्हणाले.

दोन दिवसांनी आबांनी भित्र्याची वही घेतली. आबा चौथी शिकलेले. वाचायला दोरी बांधलेला चष्मा लागायचा आणि शब्दाखालून बोट फिरवावं लागायचं. मी सोप्यात समोरच बसलो होतो. त्यांचं बोट एका ओळीवर गेलं, परत मागे आलं, परत गेलं.

"हे कोन बोलतंय रं?"

"बारगीर बोलतोय, आबा."

त्यांनी पुन्हा ओठ हलवत वाचलं. "ह्यो न्हवं," म्हणाले. चष्मा काढून दोरी त्याच्याभोवती गुंडाळली आणि वही माझ्या बाजूला सरकवली. "असूंदे. तू लिवलंयस म्हंजे बरूबर असंल."

त्यानंतर गोठ्याकडून आवाज यायचा बंद झाला. मी घरी येताना अंगणाच्या बाहेर थांबून कान द्यायचो. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांखेरीज काही नसायचं. दहावी वही सुरू झाली नाही. मला वाटलं, मास्तरांचं संपलं. मी नव्या कथेला हात घातला.

मग तो मंगळवार. आबा विहिरीवरून आले, सोप्यात बसले, पाणी मागितलं आणि आई पाणी घेऊन येईपर्यंत गेले.

नदीवरून आल्यावर मास्तरांनी ते सांगितलं. मी विचारलं, "नऊच्या नऊ?"

"व्हय. बहिरी म्हातारी त्यांची आत्या. गलाईवाला त्यांच्या पलटणीतला, विट्याचा. ते सांगायचे, मी कोपऱ्यात काढायचो. बोलनं जसंच्या तसं त्यांचं. मी फकस्त खोगीर टाकलं, सर. घोडं आबांचं हुतं."

"आणि गंजीतला?"

"इटलीत. तो पाव त्यांनी खाल्लेला."

"मग मी वह्या मागितल्या तेव्हा का नाही सांगितलंत?"

"आबांनी शपथ घातली हुती. म्हनले, आमचं सर लिवनारं मानूस हाय. त्येला कळलं तर म्हनंल, बाप गंजीत लपून बसला हुता. आनी म्हनले, त्येच्यापुढं माजं बोलनं उगडं पडतंय." मास्तरांनी कोटाच्या बाह्या वर सारल्या, त्या परत खाली आल्या. "मी त्यांच्या घरचं खात हुतो, सर."

आपल्या बापाच्या मरणाच्या दिवशी माणसाला काय वाटावं याचे काही नियम असतील. मला वाटला तो हेवा. माझ्या बापाचं बोलणं या माणसानं सहा महिने ऐकलं होतं, आणि मी अंगणात आलो की ते थांबत होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी त्यांच्या मागे लागलो. आठवेल तेवढं लिहून द्या. नऊ वह्या नकोत, एक द्या. गंजीतली द्या. मी स्वतः आठवायला बसलो तर काही हाती येत नव्हतं. मी ती ओळ वाचली होती, तिच्यावर रबर फिरवलं होतं. "भ्या वाटलं म्हून वाचलो" असं होतं का? की "दोगं बी भ्यालो हुतो" असं? मी दोन्ही कागदावर लिहून बघितली. दोन्ही मी रचलेली वाटत होती.

घरात चूल पेटत नव्हती. भाऊबंदांकडून, शेजारून भाकऱ्या यायच्या. मास्तर मान खाली घालून जेवायचे.

"बाहेरची भाकरी खातोय, सर," तिसऱ्या की चौथ्या दिवशी ते म्हणाले. "आबांचं अंगात येत न्हाई." एरवी हे वाक्य ते बोलले असते तर आई हसली असती. ते विनोद करत नव्हते.

तेरावा झाला. आईनं भाकऱ्या थापल्या. मास्तर सावकाश जेवले. भाकरी कुणी थापली, असं त्यांनी विचारलं नाही. हात धुऊन गोठ्यात गेले, आबा बसायचे त्याच्या समोर बसले आणि एक कोरी वही मांडीवर घेतली. मी सोप्यातून बघत होतो. दुपार गेली. चारच्या सुमाराला ते उठून आले आणि वही माझ्यापुढे धरली. डाव्या पानावर पेन्सिलीनं एक ओळ होती. आम्ही दोघेही घाबरलेलो होतो, म्हणूनच आमचे प्राण वाचले.

"हे माझं आहे, मास्तर."

"व्हय."

"मला आबांचं हवंय."

"लय येळ बसलो, सर," ते म्हणाले. "तुमी लिवलेलं मी चार-पाचदा वाचलं हुतं. म्हनलं, शिकावं, कसं लिवत्यात. आता मला बी तुमचंच आठवतंय."

फेब्रुवारीत आमचे कायमचे शिक्षक काठी टेकत परत आले. मास्तरांनी त्यांना खुर्ची दिली, मस्टर दिलं आणि शिपायाला सांगून स्वतःसाठी कपभर गोड चहा मागवला. जाताना त्यांनी कोट घडी करून आईपुढे ठेवला. आई म्हणाली, "घाला ओ मास्तर, त्यांनी दिलाय." त्यांनी तो घातला. मला तो कोट हवा होता. वह्या त्यांनी माडीवर ठेवल्या होत्या. "त्या तुमच्या घरच्या," म्हणाले. पुढची शाळा साताऱ्याच्या पलीकडे कुठेतरी होती. मी पत्ता विचारला नाही. त्यांना पत्ता नव्हताही.

मुख्याध्यापकांनी बारगिराचं विचारलं, तेव्हा मास्तर वह्या घेऊन गेले असं मी सांगितलं. त्या वर्षीच्या अंकातही पहिली कथा माझीच आली.

मी आता आबांच्या तेव्हाच्या वयाहून मोठा आहे. लिहिणं केव्हाच सुटलं. मास्तरांच्या कल्पकतेचा जो हेवा होता तोही सुटला. त्या गोठ्यात ते बसत होते याचा सुटला नाही. मास्तर कुठे असतील, असतील की नाही, ठाऊक नाही. असतील तर आबांचा आवाज एवढ्या जगात त्यांच्यापाशीच आहे.

वह्या नऊ आहेत. उजव्या पानांवर मास्तरांची चित्रं आहेत. डाव्या पानांवर माझं अक्षर आहे. पान उन्हात तिरकं धरलं तर शाईच्या आजूबाजूला पेन्सिलीच्या शिरोरेघांचे वळ दिसतात. अक्षरं दिसत नाहीत.